कोबीवर फुलपाखरू उतरू नये म्हणून: जाळी निवडण्यापासून ती धुऊन ठेवण्यापर्यंत

कोबीच्या वाफ्यावर पांढरं फुलपाखरू भिरभिरताना पाहून बघणाऱ्याला आनंद होतो आणि लावणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. कारण ते मधासाठी आलेलं नसतं. कोबीला तेव्हा फूलच नसतं. ती मादी असते आणि पिल्लांना जन्मताच खायला मिळेल असं पान शोधत असते. आठवडाभरात त्याच पानांना बारीक भोकं पडतात, पुढच्या आठवड्यात भोकांच्या खिडक्या होतात, आणि मोठ्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या असतील तर शेवटी नुसत्या शिरा उरतात.

फवारणीने अळी मरते, पण तोवर तिने खाल्लेलं असतं. शिवाय फवारणी पुन्हा पुन्हा करावी लागते. जाळी अंडंच घालू देत नाही, म्हणून मला ती सर्वांत पटते. तिने फुलपाखरू मरत नाही, ते दुसरीकडे जातं, हेही मला मनापासून आवडतं. पण जाळी नुसती अंगावर टाकून भागत नाही. मी पहिल्या वर्षी रोपांवर चादर पसरावी तशी जाळी पसरली होती आणि निश्चिंत झाले होते. पंधरा दिवसांनी उचलली तर आत हिरव्या अळ्या. जाळीला एकही भोक पडलेलं नव्हतं, कड कुठे उघडी नव्हती. चूक वेगळीच होती, आणि ती कळली की पुढचं सगळं सोपं होतं.

मादी अंडं घालते कसं

फुलपाखराची मादी आधी हिरव्या रंगाकडे ओढली जाते. मग पानावर उतरून पुढच्या पायांनी पान बडवते. तिच्या पायांना चव कळते. मोहरीच्या कुळातल्या झाडांत जो तिखट, नाकात जाणारा अंश असतो, तो पायाला लागला की तिची खात्री पटते. मग ती पोटाचं टोक वाकवून पानाला अंडं चिकटवते. या सगळ्याला काही सेकंद पुरतात.

आता जाळी पानावर टेकलेली आहे असं समजा. मादी जाळीवर बसते, भोकातून पाय पानाला लागतात, पोटाचं टोक भोकातून पोचतं, अंडं पानावर. तिला आत शिरायची गरजच पडत नाही. माझ्या वाफ्यात हेच झालं होतं. म्हणून पान आणि जाळी यांत मोकळी जागा हवी, निदान 10 ते 15 सेंटिमीटर. पीक वाढल्यावरही ती उरली पाहिजे. जाळीचा दर्जा, भोकाचं माप, कडांचा बंदोबस्त हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण ही मोकळी जागा नसेल तर बाकीच्याचा उपयोग नाही.

आधी कोण येतं ते ओळखा

जाळीचं भोक किती बारीक हवं, हे पाहुण्यावर ठरतं.

मोठं पांढरं फुलपाखरू पंख पसरून साधारण 6 सेंटिमीटर भरतं. ते पिवळी अंडी पानाच्या मागच्या बाजूला दाटीवाटीने, एका जागी 40 ते 100 घालतं. अळ्या पिवळ्या-काळ्या, केसाळ, आणि घोळक्याने खाणाऱ्या. दिसायला भयंकर, पण एका दृष्टीने बऱ्या, कारण पटकन नजरेत भरतात आणि अंड्यांचा गठ्ठा बोटाने चिरडता येतो.

लहान पांढरं जास्त त्रास देतं. पंखांचा पसारा 4 ते 5 सेंटिमीटर. अंडं एकेकटं, सुमारे एक मिलिमीटर उंचीचं, उभं, बाटलीच्या आकाराचं आणि बारीक उभ्या रेघांचं. अळी मखमली हिरवी असते आणि पानाच्या मधल्या शिरेवर शिरेसारखीच पडून राहते, त्यामुळे समोर असून दिसत नाही. ती गड्ड्याच्या गाभ्यात शिरते. कोबी चिरताना आत हिरवट ओली लेंडी सापडते ती हिची. हे फुलपाखरू कोबीच्या पाठोपाठ जगभर गेलं आहे. 1860 च्या सुमारास ते कॅनडातल्या क्विबेकमध्ये पोचलं आणि तिथून सगळ्या उत्तर अमेरिकेत पसरलं. 1930 मध्ये ते न्यूझीलंडमध्ये सापडलं. जिथे कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, मुळा, मोहरी आहे तिथे ते येणार असं धरूनच चालावं.

चौकोनी ठिपक्यांचा पतंग फुलपाखरू नाही, तरी त्याला वगळून जाळी घेऊ नका. तो जेमतेम एक सेंटिमीटरभर लांबीचा, संध्याकाळी आणि रात्री उडणारा. पंख मिटून बसला की पाठीवर शंकरपाळ्यासारखे फिकट ठिपके दिसतात. अळी पानाची एक बाजू खरवडते आणि दुसरी पातळ पापुद्र्यासारखी ठेवते, त्यामुळे पानाला काचेच्या तावदानासारखे डाग पडतात. तिला धक्का लागला की तडफडत मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळते. ज्या भोकातून फुलपाखरू जात नाही त्यातून हा पतंग आरामात जातो.

याखेरीज पानं खाणारी स्पोडोप्टेरा नावाची अळी आहे. तिचा पतंग रात्री येतो आणि अंड्यांच्या पुंजक्यावर तपकिरी केसांचं पांघरूण घालतो. वाटाण्याच्या आणि शेंगांच्या फुलांवर अंडी घालणारं छोटं निळं फुलपाखरू आहे. त्याची अळी शेंगेत शिरून दाणे खाते. शेपू, गाजर, बडीशेप यांच्यावर शेपटीच्या मोठ्या फुलपाखरांच्या पट्टेदार अळ्या येतात. या सहसा मोजक्याच असतात. त्यांच्यासाठी मी जाळी लावत नाही. एखाददुसरं झाड त्यांना सोडून देते.

भोकाचं माप: मिलिमीटर की मेश?

इथे बरेच जण फसतात, कारण जाळी दोन वेगवेगळ्या भाषांत विकली जाते. काही ठिकाणी भोक मिलिमीटरमध्ये सांगतात, काही ठिकाणी नुसतं '40 मेश' म्हणतात. मेश म्हणजे एका इंचात किती भोकं. आकडा वाढला की भोक लहान होतं. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. त्याला मेशच्या आकड्याने भागलं की एका भोकाची आणि एका धाग्याची मिळून रुंदी मिळते. 40 मेश म्हणजे 0.63 मिलिमीटर, त्यातून धाग्याची जाडी वजा करा. 20 मेश म्हणजे 1.27, धागा वजा जाता साधारण एक मिलिमीटर. विकणाऱ्याला धाग्याची जाडी विचारायला संकोच करू नका, किंवा पट्टी लावून एका इंचातली भोकं स्वतः मोजा.

फक्त पांढऱ्या फुलपाखरांसाठी 7 मिलिमीटरपर्यंतचं भोक चालतं. त्याहून मोठं नको. पक्ष्यांसाठीची 15 ते 20 मिलिमीटरची जाळी इथे निरुपयोगी आहे, कारण फुलपाखरू पंख मिटून तिच्यातून सरळ आत उतरतं. मी स्वतः 5 मिलिमीटरच्या आतच राहते. याचं आणखी एक कारण पुढे साप-पक्ष्यांच्या भागात येईल. चौकोनी ठिपक्यांचा पतंगही अडवायचा तर सव्वा-दीड मिलिमीटरच्या आत यावं लागतं. पानांना छर्रे मारल्यासारखी भोकं पाडणारे पिसू भुंगेरे अडवायला 0.8 मिलिमीटर. पांढऱ्या माशीसाठी 40 ते 50 मेश, फुलकिड्यांसाठी त्याहूनही बारीक.

मग सगळ्यात बारीकच का घेऊ नये? कारण प्रत्येक भोक वाऱ्याचंही असतं. जाळी जितकी बारीक तितकी आत हवा कोंडते, ऊन तापतं, सकाळचं दव उशिरा वाळतं. ओल्या पानांवर बुरशी येते. उन्हाळ्यात 50 मेशखाली कोबी लावला तर अळीऐवजी उष्णतेने आणि करप्याने जाण्याची भीती. माझा नियम असा की ज्या किडीने खरोखर नुकसान होतंय तिला अडवणाऱ्या जाळ्यांपैकी सर्वांत मोठ्या भोकाची जाळी घ्यायची. नक्की माहीत नसेल आणि पीक मोहरीच्या कुळातलं असेल, तर एक ते सव्वा मिलिमीटरची जाळी घ्या. दोन्ही पांढरी फुलपाखरं, चौकोनी ठिपक्यांचा पतंग आणि स्पोडोप्टेराचा पतंग असे सगळेच तिच्याबाहेर राहतात, आणि हवाही खेळते.

कापड कोणतं

वाफ्यासाठी यूव्ही प्रक्रिया केलेली, म्हणजे उन्हाने लवकर न विरणारी, एचडीपीई या चिवट प्लास्टिकची विणलेली जाळी उत्तम. ती बरीच वर्षं टिकते, धुता येते, पाणी आणि वारा आतून जाऊ देते. रंग पांढरा किंवा पारदर्शक घ्या, उजेड जास्त मिळतो.

शेडनेट घरात पडून आहे म्हणून वापरायचा मोह होतो. पण शेडनेटचं काम उजेड कापणं आहे. 50 टक्के सावलीत कोबीचा गड्डा भरत नाही, पानं लांबुळकी होतात. क्रॉप कव्हर, म्हणजे न विणलेलं पातळ पांढरं कापड, वजनाने इतकं हलकं असतं की रोपांवर थेट टाकता येतं. थंडीत ते ऊबही देतं. रोपवाटिकेत आणि लागवडीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ते उपयोगी आहे. मात्र ते काटक्यांना अडकून फाटतं आणि उन्हाळ्यात आत भट्टी करतं, म्हणून पूर्ण हंगामासाठी त्यावर विसंबू नये.

जुनी मच्छरदाणी किंवा झिरझिरीत नेटचं कापड चालतं का? छोट्या वाफ्याला, कुंड्यांना जरूर चालतं. भोक पुरेसं बारीक असतं. पण हे कापड उन्हासाठी केलेलं नसतं, त्यामुळे हंगामाअखेर हाताने ओढलं की फाटतं. सुरुवात करून बघायला हरकत नाही, फक्त दर आठवड्याला ताणून बघा.

मापं काढताना

जाळी कमी पडली की माणूस तडजोड करतो, आणि तडजोड नेहमी कडेला होते. म्हणून विकत घेण्याआधी कागदावर हिशोब करा. मी एक उदाहरण करून दाखवते.

वाफा 1.2 मीटर रुंद, 4 मीटर लांब. त्यावर अर्धवर्तुळाची कमान घातली तर कमानीची लांबी साधारण 1.9 मीटर आणि मधली उंची 60 सेंटिमीटर. मुळा, नवलकोल, पालेभाजी यांना ही उंची पुरते. पण फ्लॉवर, ब्रोकोली पुढे पसरतात आणि कमानीला टेकतात. त्यांच्यासाठी कमान 2.4 मीटरची घ्या. तेवढ्याच रुंदीत उंची सुमारे 85 सेंटिमीटर मिळते आणि बाजूही सरळ उभ्या राहतात. अर्धवर्तुळात कडेच्या ओळीला डोकं वर काढायला जागा नसते, तो त्रासही यात जातो.

जाळीची रुंदी म्हणजे कमानीची लांबी आणि दोन्ही बाजूंना जमिनीवर पसरायला 30-30 सेंटिमीटर, म्हणजे 3 मीटर. लांबीत वाफ्याचे 4 मीटर, दोन्ही टोकांना खाली उतरायला 85-85 सेंटिमीटर, आणि वर गाठ मारायला 30-30. बेरीज 6.3 मीटर, घेताना साडेसहा घ्या. कमानी दर मीटरला एक म्हणजे 4 मीटरला पाच. जिथे वारा जोराचा, तिथे पाऊण मीटरवर एक.

कमान कशाची, याचा फारसा बाऊ करू नका. वाकणारा प्लास्टिकचा पाण्याचा पाईप, बांबूच्या कामट्या, जाड गॅल्व्हनाइज्ड तार, जे हाताशी असेल ते. पाईप असेल तर अर्धा मीटर लांबीचे लोखंडी गज अर्धे जमिनीत ठोका आणि पाईपची टोकं त्यांवर चढवा. मग पाईप जमिनीत पुरायला जादा लांबी लागत नाही. कामट्या किंवा तार असेल तर प्रत्येक टोकाला 25 ते 30 सेंटिमीटर पुरण्यासाठी वाढवून कापा. बांबूची कूस उभी राहिली असेल तर घासून घ्या, कारण जाळी पहिल्यांदा तिथेच फाटते.

उभारणी, क्रमाने

पहिलं काम जमिनीचं. गेल्या वेळी त्याच वाफ्यात कोबीवर्गीय पीक असेल तर जागा बदला. स्पोडोप्टेराची अळी मातीत कोष करते, पिसू भुंगेरेही मातीतून वर येतात. अशा वाफ्यावर जाळी घातली तर किडी आत कोंडल्या जातात, आणि त्यांना खाणारे पक्षी बाहेर राहतात. जुने दांडे, सुकलेली पानं, आसपासच्या कुंपणाला आणि भिंतीला चिकटलेले कोष काढून टाका. पांढऱ्या फुलपाखराचा कोष रेशमाच्या बारीक धाग्याने कंबरेला बांधलेला असतो. एकदा ओळखला की सगळीकडे दिसायला लागतो.

मग तण काढा, खत मिसळा, पाण्याची सोय करा. ठिबकची नळी जाळीआधी पसरलेली बरी. नंतर जाळीखाली वाकून नळी सरकवताना रोपं मोडतात.

कमानी उभ्या करा आणि सर्वांच्या माथ्यावरून एक दोरी किंवा पाईप घेऊन प्रत्येक कमानीला बांधा. दोन्ही टोकांना दोरी खुंटीला ताणा. हे काम बरेच जण वगळतात. मग पावसाने जाळी जड होऊन दोन कमानींमध्ये झोळीसारखी खाली येते आणि नेमकी पानावर टेकते.

आता रोपं. हा टप्पा घाईत करू नका. जाळी घालण्याआधी प्रत्येक रोपाचं प्रत्येक पान उलटून बघा. रोपवाटिकेतून अंडी घेऊनच रोपं येतात, आणि आत गेलेलं एक अंडं पुढे सुरक्षित जाळीत निवांत वाढतं. पिवळा ठिपका दिसला की बोटाने चिरडा. उजेड चांगला असताना बघा, चष्मा असेल तर लावून बघा. रोपं लावली, पाणी दिलं, की त्याच दिवशी जाळी. 'उद्या घालू' म्हणू नका. ऊन असलेली एक दुपार मादीला पुरेशी आहे.

जाळी दोघांनी मिळून घाला. एकाने एक टोक धरून वाफ्यावरून चालत जायचं, दुसऱ्याने मागून सैल सोडायची. कमानींवर ती तंबूइतकी ताणू नका, पण लोंबूही देऊ नका. एक लांब बाजू कायमची बंद करा: वाफ्याच्या कडेला वीतभर खोल चर काढून जाळीची कड त्यात टाका आणि मातीने दाबून घ्या. दुसरी लांब बाजू उघडझाप करण्यासाठी ठेवा. तिच्या कडेला एक लांब लाकडी पट्टी किंवा पाईप गुंडाळून चिमट्यांनी पक्का करा. पट्टी जमिनीवर पडली की दार बंद, उचलून पलीकडे टाकली की उघडं. वर वाळूच्या पिशव्या ठेवा. विटा आणि दगडही चालतात, पण दोन दगडांच्या मध्ये जाळी कमानीसारखी उचलली जाते आणि त्या फटीतून फुलपाखरू चालत आत जातं. हो, चालत. मी पाहिलं आहे. कड सलग दाबणारं वजन नेहमी चांगलं.

टोकांना जाळी पोत्याच्या तोंडासारखी गोळा करा, पिळा, आणि सुतळीने खुंटीला बांधा. घडी घालून दगड ठेवला तर वाऱ्याने सुटते, पिळलेली गाठ सुटत नाही.

शेवटी जमिनीवर बसून डोळे वाफ्याच्या पातळीला आणा आणि सगळ्या कडा एक चक्कर मारून बघा. जिथून उजेड दिसतो तिथे माती ओढा.

कुंड्या, पेट्या आणि उंच पिकं

गच्चीत किंवा अंगणात दोन-चार कुंड्या असतील तर कमानींचा पसारा नको. कुंडीच्या कडेला तीन काठ्या उभ्या रोवा, माथ्यावर एकत्र न बांधता एखाद्या कड्यात अडकवा, म्हणजे वर रुंदी राहते. वरून जाळीची पिशवी घाला आणि कुंडीच्या गळ्याशी इलॅस्टिक बांधा. चौकोनी पेटीसाठी लाकडी चौकट करून तिला जाळी ठोका आणि एका बाजूला बिजागरी लावा. झाकण उघडलं की काम, टाकलं की बंद. रोज पानं खुडायची असतील तर हे सर्वांत सोयीचं, कारण जितकं उघडणं सोपं तितकं बंद करणं चुकत नाही. कंटाळवाणी गाठ माणूस संध्याकाळी सोडून ठेवतो आणि विसरतो.

केलसारखी (गड्डा न धरणारी, पानांची कोबी) झाडं कंबरेच्या वर जातात. त्यांना उभं राहून आत जाता येईल असा पिंजरा करा, डोक्याच्या उंचीचा, आणि दाराला जाळीचा दुहेरी पडदा.

आतला वाफा विसरू नका

जाळी घातली की पाहणं बंद होतं, हा तिचा सर्वांत मोठा धोका. आठवड्यातून एकदा उघडा. वेळ सकाळी अगदी लवकर किंवा सूर्य उतरल्यावर. पांढरी फुलपाखरं उन्हात आणि उबेत उडतात, ढगाळ गार वेळी बसून असतात. भर दुपारी जाळी उघडून तण काढत बसलात तर पाहुणी तुमच्या पाठीमागून आत जाते, आणि बाहेर पडायची वाट न सापडल्याने सगळी अंडी तुमच्याच कोबीवर घालते.

पानाची मागची बाजू, गाभा आणि जमिनीवर पडलेली लेंडी बघा. ताजी हिरवी लेंडी दिसली की अळी त्याच्या बरोबर वर कुठेतरी आहे. अळी तिच्या एकूण खाण्यातला बहुतेक भाग शेवटच्या अवस्थेत खाते, म्हणून छोटी असताना वेचली तर नुकसान नगण्य राहतं. अळ्या हाताबाहेर गेल्या तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिसची कुर्स्टाकी जात, पानाच्या दोन्ही बाजूंना भिजेल अशी फवारा. मात्रा वेष्टनावर लिहिलेली घ्या. हे जंतू अळीच्या पोटात जावे लागतात, लहान अळीवर जास्त चालतात आणि उन्हात लवकर निकामी होतात. म्हणून संध्याकाळी फवारा.

मेलेल्या अळीशेजारी पिवळ्या कापसाच्या दाण्यांसारखे कोष दिसले तर त्यांना हात लावू नका. ते कोटेशिया नावाच्या बारीक गांधीलमाशीचे आहेत. तिची पिल्लं अळीच्या आतून वाढून बाहेर आलेली असतात. असं पान अलगद खुडून जाळीबाहेर सावलीत ठेवा.

मावा हा जाळीतला खरा प्रश्न. तो रोपासोबत किंवा मोठ्या भोकातून आत येतो, आणि त्याला खाणारे ढालकिडे मात्र बाहेर राहतात. आत वारा कमी, ऊब जास्त, म्हणजे त्याची चैनच. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. तरी वाढला तर एक-दोन दिवस, ढगाळ हवेत किंवा संध्याकाळ ते सकाळ, जाळीची एक बाजू उघडून ढालकिडे सोडा. ते बाहेरच्या झाडावरून उचलून आणले तरी चालतं.

पाणी जाळीवरून शिंपडलं तर आत जातं, पण बारीक जाळीवर थेंब साचून मोठे होतात आणि कोवळ्या रोपांच्या मुळाशी खड्डे पाडतात. ठिबक किंवा मुळाशी पाणी चांगलं. जाळीखाली बाष्पीभवन थोडं कमी होतं, त्यामुळे सवयीने नेहमीएवढं पाणी दिलं तर जास्त होतं. बोट मातीत घालून बघूनच द्या.

आणि वाढीबरोबर कमान बदलायला कचरू नका. पान जाळीला टेकायला आलं की गज थोडे वर उचला किंवा लांब पाईप घाला. लागवडीच्या दिवशी ठेवलेली 15 सेंटिमीटरची जागा महिन्याभरात गायब झालेली असते.

फुलावर येणारी पिकं

पानासाठी, गड्ड्यासाठी, कंदासाठी लावलेल्या पिकाला मधमाशी लागत नाही, त्यामुळे कोबी, मुळा, पालेभाज्या शेवटपर्यंत जाळीत राहू शकतात. फ्लॉवर आणि ब्रोकोलीत आपण कळ्याच खातो, तेव्हा तिथेही अडचण नाही. वाटाणा आणि फरसबी बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतात. निळ्या फुलपाखरासाठी त्यांच्यावर बारीक जाळी फुलांच्या आधीपासून ठेवता येते. टोमॅटो, मिरची, वांगं यांनाही स्वतःचा पराग पुरतो, पण जाळीत वारा कमी असल्याने फुलांचे घोस रोज सकाळी हलकेच हलवा.

काकडी, भोपळा, दोडका यांचं तसं नाही. नर आणि मादी फुलं वेगळी, परागासाठी कीटक हवेच. मादी फुलं दिसू लागली की जाळी काढा किंवा हाताने परागीभवन करा. काकडीचं फूल सकाळी उमलतं, दुधी आणि दोडक्याचं संध्याकाळी. ती वेळ गाठली नाही तर मेहनत वाया जाते.

साप, पक्षी आणि सरडे

सैल, पातळ, नायलॉनच्या एकेरी धाग्याची जाळी गवतात पसरलेली असेल तर तिच्यात साप अडकतो, पक्ष्याचा पाय गुंततो, आणि सुटायची धडपड करताना धागा आणखी रुततो. एका वाफ्याच्या कोबीसाठी असा जीव जावा हे मला सहन होत नाही. यावर उपाय अवघड नाही. ताणलेल्या जाळीच्या भोकातून करंगळी आरपार गेली तर ती जाळी घेऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात घरगुती फळझाडांवरच्या जाळीचं भोक पूर्ण ताणल्यावरही 5 बाय 5 मिलिमीटरपेक्षा मोठं नसावं, असा नियम 1 सप्टेंबर 2021 पासून लागू आहे, आणि तो याच कारणासाठी. मी 5 मिलिमीटरच्या आत राहते म्हणाले, ते यामुळेही.

जास्तीची जाळी जमिनीवर चुरगळून ठेवू नका. तिची गुंडाळी करून पट्टीला बांधा. रोज एकदा लांबून का होईना नजर टाका. काही अडकलं असेल तर जाळी कापा, जनावर ओढू नका. साप असेल तर जाणकार माणसाला बोलवा.

जे करून उपयोग होत नाही

काठीवर पांढरी प्लास्टिकची फुलपाखरं लावली की खरी येत नाहीत, असं खूप ठिकाणी सांगतात. लहान पांढरं फुलपाखरू जागेची राखण करणारं नाही. एकाच झाडावर अनेक माद्या अंडी घालतात. खोटं पाहून खरं दूर पळेल याला आधार नाही. झेंडू, शेपू शेजारी लावल्याने वाफा सुंदर दिसतो आणि उपयोगी कीटक येतात, ते जरूर लावा, पण जाळीऐवजी नाही.

अळ्या दिसल्यावर घाईने जाळी टाकणंही तितकंच व्यर्थ. आधी दोन दिवस लागोपाठ हाताने सगळ्या अळ्या आणि अंडी काढा, मग जाळी घाला. पाच दिवसांनी पुन्हा उघडा, कारण उबदार हवेत नजरेतून सुटलेलं अंडं तोवर फुटलेलं असतं आणि अळी अजून दोऱ्याएवढी असते.

हंगाम संपल्यावर

शेवटचा गड्डा निघाला की जाळी लगेच काढा. उभ्या दांड्यांवर पडून राहिलेली जाळी वेलींनी विणली जाते आणि नंतर फाडूनच निघते. उन्हात पसरा, वाळलेली माती झाडा, शिवणींमध्ये आणि गाठींत चिकटलेले कोष वेचा. मग साध्या पाण्यात थोडा साबण घालून बुचकळा. वॉशिंग मशिनमध्ये घालू नका, विण सरकते. सावलीत पूर्ण वाळवा.

वाळल्यावर उजेडासमोर धरून भोकं शोधा. बोटाएवढं भोक असेल तर त्याच जाळीचा तुकडा वरून ठेवून जाड नायलॉनच्या दोऱ्याने चारी बाजूंनी टाके घाला. चिकटपट्टी पहिल्या उन्हात सुटते. लांब चीर असेल तर दोन्ही कडा एकमेकांवर दोन बोटं चढवून दुहेरी शिवण घाला.

घडी न घालता पाईपवर गुंडाळा, घडीच्या रेषेवर जाळी लवकर विरते. उंदीर पोचणार नाहीत अशा झाकणाच्या डब्यात ठेवा. वरून पट्टी चिकटवा आणि त्यावर भोकाचं माप, लांबी, रुंदी आणि कोणत्या वाफ्याची ते लिहा. पुढच्या लागवडीच्या दिवशी रोपं हातात असताना जाळ्या उलगडून मोजत बसायला वेळ नसतो.